झेंड्यावरचे चक्र कोणाचे, झेंड्याची दोरी कोणाच्या हातात?

झेंडा म्हणजे शेवटी काय? दोन-तीन रंगांचे कापड, चार शिवणी आणि वर ओढायला एक दोरी. पण याच कापडासाठी माणसे फासावर गेली. याच कापडाखाली काळ्या माणसांना जहाजांच्या तळात कोंबून गुलामगिरीच्या बाजारात नेले गेले. आणि आपल्या बेड्या तुटल्याचे त्याच गुलामांनी जगाला सांगितले तेही कापडानेच! म्हणून १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला झेंड्याला सलामी देऊन घरी जाणे एवढेच आम्ही पुरेसे मानत नाही. झेंडा वाचता आला पाहिजे. त्यावरचे पट्टे, तारे, क्रॉस, चंद्रकोर आणि चक्र यांची भाषा समजली पाहिजे. कारण ज्यांना ही भाषा कळते तेच तिचा अर्थ लावतात, आणि ज्यांना कळत नाही त्यांच्या माथी दुसऱ्यांनी लावलेला अर्थ मारला जातो.

जगातले झेंडे एका तक्त्यावर मांडून पाहा. देश दोनशेच्या आसपास, पण आकार मोजकेच. आडवे किंवा उभे पट्टे, क्रॉस, चंद्रकोर, तारा, सूर्य. फार तर एखादे झाड, पक्षी किंवा इमारत. कंबोडियाच्या झेंड्यावर अंगकोर वाटचे मंदिर आहे, कॅनडाने १९६५ साली मॅपलचे पान घेतले. नेपाळचा झेंडा तर चौकोनीही नाही. पण असे अपवाद थोडे. याचे कारण साधे आहे. झेंडा दुरून दिसतो, वाऱ्यावर फडकतो आणि दोन्ही बाजूंनी पाहिला जातो. गावच्या शिंप्याला शिवता यावा, शाळेतल्या पोराला वहीत काढता यावा, असाच आकार टिकतो. त्यामुळे जो तो देश त्याच त्या आकारांकडे वळतो. आकार उसने असतात. अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या लढ्यातून येतो. हे एकदा ध्यानात आले की आपल्या तिरंग्यावरचे चक्रही नीट दिसू लागते.

क्रॉस, चंद्रकोर आणि एक पांढरा पट्टा

अमेरिकेच्या प्यू संशोधन केंद्राने २०१४ साली १९६ देशांचे झेंडे तपासले. त्यातील ६४ झेंड्यांवर धर्माचे चिन्ह आढळले. ३१ झेंड्यांवर ख्रिस्ती आणि २१ झेंड्यांवर इस्लामी. डेन्मार्कच्या लाल कापडावरचा पांढरा क्रॉस स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलंड यांनी रंग बदलून घेतला. ब्रिटनच्या युनियन जॅकमध्ये तर तीन संतांचे तीन क्रॉस एकावर एक आहेत. ज्या युनियन जॅकने अर्धे जग पायाखाली तुडवले तो आजही ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या झेंड्यांच्या कोपऱ्यात बसलेला आहे. त्या भूमीचे मूळचे धनी त्यात कुठेच नाहीत. म्हणूनच १९७१ साली ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींनी आपला झेंडा स्वतः तयार केला. वर काळा रंग माणसांचा, खाली तांबडा मातीचा आणि मधोमध पिवळा गोल सूर्याचा. सरकारला त्याला अधिकृत मान्यता द्यायला १९९५ साल उजाडले.

चंद्रकोर आणि तारा तुर्कस्तानच्या झेंड्यावरून ट्युनिशिया, अल्जीरिया, मलेशिया, पाकिस्तानपर्यंत दिसतात. यातला पाकिस्तानचा झेंडा आमच्या चळवळीने विशेष लक्षपूर्वक पाहावा असा आहे. हिरव्या कापडावर चंद्रकोर आणि दांड्याकडच्या बाजूला उभा पांढरा पट्टा. हा पट्टा अल्पसंख्याकांचा असे सांगितले गेले. ऑगस्ट १९४७ मध्ये कराचीत पाकिस्तानची घटना समिती भरली तेव्हा तिच्या पहिल्या बैठकीचे हंगामी अध्यक्ष होते जोगेंद्रनाथ मंडल. बंगालमधील शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे तेच नेते, ज्यांनी १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यासाठी जिवाचे रान केले. तेच पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. पण झेंड्यावर पांढरा पट्टा असूनही पूर्व बंगालमधील त्यांच्या माणसांच्या वाट्याला संरक्षण आले नाही. १९५० साली मंडल मंत्रिपदाचा राजीनामा देऊन भारतात परतले. यातून घ्यायचा धडा कडवट असला तरी स्पष्ट आहे. झेंड्यावर पट्टा मिळाला म्हणजे राज्यात वाटा मिळाला असे होत नाही!

पांढरा रंग फाडून काढला

पट्ट्यांच्या झेंड्यांत सर्वांत गाजलेला तिरंगा फ्रान्सचा. निळा आणि लाल हे पॅरिस शहराचे रंग, मधला पांढरा राजघराण्याचा. या धर्तीवर पुढे इटलीपासून आयर्लंडपर्यंत अनेकांनी आपापले तिरंगे केले. पण स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा घोष करणाऱ्या याच फ्रान्सच्या ताब्यात कॅरिबियन समुद्रातले एक बेट होते. तिथे उसाच्या मळ्यांत लाखो आफ्रिकी गुलाम मरेपर्यंत राबवले जात होते. १७९१ साली ते उठले. १८ मे १८०३ रोजी त्यांचा सेनापती देसालिन याने फ्रेंच तिरंगा हाती घेतला, त्यातला पांढरा पट्टा फाडून फेकला आणि उरलेला निळा व लाल एकत्र शिवून घेतला, अशी तिथली परंपरा सांगते. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

फ्रान्समध्ये पांढरा म्हणजे राजा. हैतीच्या गुलामासाठी पांढरा म्हणजे पाठीवर आसूड ओढणारा गोरा मालक. कापड एकच, पण मळ्यात राबणाऱ्याने ते आपल्या जखमांवरून वाचले आणि नको तो भाग फाडून काढला. हा अधिकार त्याने कोणाला विचारून घेतला नव्हता. फ्रान्सच्या घोषवाक्याविषयी बाबासाहेबही असेच स्वतंत्रपणे बोलले. १९५४ साली आकाशवाणीवर त्यांनी निक्षून सांगितले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही. ती आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहे.

आफ्रिकेचेही तेच. १८९६ साली अडोवाच्या लढाईत इथिओपियाने इटलीच्या गोऱ्या फौजेचा धुव्वा उडवला. त्यामुळे इथिओपियाचे हिरवा, पिवळा, तांबडा हे तीन रंग अख्ख्या आफ्रिकेला आपले वाटू लागले. १९५७ साली घाना स्वतंत्र झाला तेव्हा थिओडोसिया ओकोह या महिला चित्रकाराने हेच रंग घेतले आणि मधोमध काळा तारा ठेवला. तारा जगातल्या कितीतरी झेंड्यांवर आहे, पण तो काळा करणे ही छोटी गोष्ट नव्हती. काळे म्हणजे अशुभ, काळे म्हणजे हलके, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले त्यांनी काळ्याचाच तारा केला. अमेरिकेत मार्कस गार्वे यांनी काळ्या लोकांच्या मालकीची जी जहाज कंपनी काढली होती तिचे नावही ब्लॅक स्टार लाइन होते. ज्या नावाने हिणवले त्याच नावाने मान वर करून उभे राहण्याची ही रीत आम्हाला नवी नाही. 'दलित' हा शब्द छातीवर लावून याच महाराष्ट्रात पँथर रस्त्यावर उतरला होता!

चरखा गेला, चक्र आले

आता आपल्या झेंड्याकडे येऊ. काँग्रेसच्या १९३१ सालच्या तिरंग्यावर मधोमध चरखा होता. १९४७ च्या जूनमध्ये राष्ट्रध्वज ठरवण्यासाठी राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, क. मा. मुन्शी यांच्यासह डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सदस्य होते. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत ध्वजाचा ठराव मांडला. केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे तीन सारखे पट्टे. मधल्या पांढऱ्यावर गडद निळे चक्र. आणि ते चक्र सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावरील चक्रासारखे.

ठरावाचे शब्द नीट वाचले पाहिजेत, कारण विरोधक अर्धेच वाचून दाखवतात. हे चक्र चरख्याचे प्रतीक म्हणून असेल असे त्या ठरावात म्हटले आहे. आम्ही ते लपवत नाही. पण नेहरूंनी भाषणात अडचणही सांगितली. चरख्याच्या एका अंगाला चाक आणि दुसऱ्या अंगाला चाती. त्यामुळे झेंडा पलीकडून पाहिला की चित्र उलटे होते. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. म्हणून नुसते चाक ठेवायचे ठरले. आणि चाकच घ्यायचे तर कोणते, या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते सारनाथला! त्याच सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी या चक्राचा अर्थ सांगितला तो धर्माच्या, नियमाच्या चक्राचा, थांबलेल्या समाजाला पुढे ढकलणाऱ्या गतीचा. चरखा काढल्याचे गांधीजींना रुचले नव्हते, ही गोष्टही लपलेली नाही. चक्र चरख्याचेच असते तर त्यांना न रुचण्याचे कारण काय होते?

काळाने आणखी एक गंमत केली. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून यंत्रावर तयार केलेल्या पॉलिस्टरच्या झेंड्यांना परवानगी देण्यात आली. नांदेड आणि हुबळीच्या खादी केंद्रांत हाताने सूत कातून झेंड्याचे कापड विणणाऱ्यांच्या पोटावर त्याचा घाव बसला. म्हणजे कापडातून चरखा गेला. अशोकाचे चक्र मात्र तिथेच आहे.

हे चक्र आले कुठून? सारनाथ ही ती जागा, जिथे तथागतांनी पाच परिव्राजकांना पहिले प्रवचन देऊन धम्मचक्र प्रवर्तित केले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने तिथे स्तंभ उभारला. चार सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह कोरलेले आहेत आणि प्रत्येक दोन प्राण्यांच्या मध्ये २४ आऱ्यांचे एक चक्र. शतकानुशतके हे शिल्प मातीखाली गाडलेले होते. १९०५ साली उत्खननात ते वर आले आणि पुऱ्या अर्धशतकाच्या आत देशाच्या झेंड्यावर आणि राजमुद्रेवर जाऊन बसले. ज्याला या देशात गाडून टाकले होते तो बुद्ध असा वर आला!

आऱ्यांच्या २४ या संख्येचा अर्थ घटना समितीने ठरावात सांगितलेला नाही. बौद्ध परंपरेतील अभ्यासक तो प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या अनुलोम आणि प्रतिलोम, म्हणजे सुलट आणि उलट, अशा मिळून लावतात. दुःख कसे निर्माण होते आणि दुःख कसे थांबते, हे दोन्ही त्यात येते. कोणी याच आऱ्यांवर चोवीस गुणांच्या याद्या चिकटवतो, तर कोणी सरळ सुदर्शन चक्र म्हणून मोकळा होतो. सुदर्शन हे शत्रूचा गळा कापणारे शस्त्र आहे. सारनाथचे चक्र हे शस्त्र खाली ठेवलेल्या राजाचे आहे. कलिंगात रक्ताचे पाट पाहून ज्याने युद्ध सोडले त्याच्या चक्राला शस्त्राचे नाव देणे हे अज्ञान असेल तर दूर करता येईल. तो कावा असेल तर मात्र ओळखून ठेवला पाहिजे.

तीन हा आकडा अशुभ कोणाला?

तिरंगा सर्वांनी आनंदाने स्वीकारला अशी समजूत आज करून दिली जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर, ऑगस्ट १९४७ मध्ये, संघविचाराच्या 'ऑर्गनायझर'ने लिहिले होते की हिंदू हा झेंडा कधी आपला मानणार नाहीत, आणि तीन हा आकडाच मुळात वाईट आहे. नागपूरच्या संघ मुख्यालयावर १९५० नंतर तिरंगा फडकला तो थेट २६ जानेवारी २००२ रोजी. खासगी जागेवर झेंडा लावायला नियमांची आडकाठी होती, असा खुलासा यावर केला जातो. पण प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्य दिनी नागरिकाला झेंडा लावायची मोकळीक तेव्हाही होती. आज घराघरांवर तिरंगा लावण्याचे आवाहन करणाऱ्यांनी या मधल्या वर्षांचा हिशेब एकदा द्यावा.

आणि तीन अशुभ कोणाला? बुद्ध, धम्म, संघ हे तीन. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे तीन. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन. ज्यांची सारी इमारत चार वर्णांवर उभी आहे त्यांना तीन हा आकडा टोचणारच!

चक्राचे दूरचे सोयरे

हे चक्र भारताबाहेरही एका झेंड्यावर आहे आणि त्याची कहाणी आमच्या वाचकांपर्यंत पोहोचली पाहिजे. युरोपभर विखुरलेले रोमा लोक, ज्यांना तिकडे जिप्सी म्हणून हिणवले जाते, ते मूळचे भारतातून गेलेले. त्यांच्या भाषेत कानाला कान, पाण्याला पानी आणि तीनला त्रिन म्हणतात. रोमानियाच्या भूमीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते खरेदी-विक्रीचे गुलाम होते. हिटलरच्या छळछावण्यांत ज्यूंबरोबर त्यांचीही कत्तल झाली. चोर, अस्वच्छ, भटके हा शिक्का त्यांच्या कपाळावरून अजून पुसला गेलेला नाही. आमच्या भटक्या-विमुक्त बांधवांना ही कहाणी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७१ साली एप्रिल महिन्यात लंडनजवळ रोमांची पहिली जागतिक परिषद भरली. तिने आपला झेंडा ठरवला. वर निळा आकाशाचा, खाली हिरवा धरतीचा आणि मधोमध १६ आऱ्यांचे तांबडे चक्र. ते त्यांच्या गाड्यांचे चाक आहे आणि मूळ भूमीच्या अशोकचक्राची आठवणही. ज्यांना कुठल्याच देशाने आपले म्हटले नाही त्यांनी चक्राला आपले म्हटले. हजार वर्षे दूर राहिलेल्यांना चक्राचा अर्थ कळतो आणि सारनाथच्या देशातल्यांना तो वाकवावासा वाटतो, याला काय म्हणावे?

आणखी एक झेंडा आमच्या घराघरावर असतो, तो पंचशील ध्वज. १८८५ साली कोलंबोत वैशाख पौर्णिमेला तो पहिल्यांदा फडकला. १९५० साली श्रीलंकेत कँडी येथे जागतिक बौद्ध परिषदेने तो साऱ्या बौद्धांचा ध्वज म्हणून स्वीकारला. त्या परिषदेला बाबासाहेब उपस्थित होते. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे पाच उभे पट्टे आणि शेवटी पाचांचा मिळून सहावा. त्याच्यावर ना प्राणी, ना शस्त्र, ना राजाचा मुकुट. तरीही १९६३ साली दक्षिण व्हिएतनामच्या दिएम सरकारला त्याची भीती वाटली. बुद्धजयंतीला ह्युए शहरात हा ध्वज लावायला बंदी झाली, जाब विचारायला जमलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. जूनमध्ये भिक्खू थिच क्वांग डुक यांनी सायगावच्या भर चौकात स्वतःला जाळून घेतले. नोव्हेंबरात दिएमची सत्ता कोसळली. कापडाचे पट्टे उतरवणाऱ्यांना आपली खुर्ची सांभाळता आली नाही.

दोरी कोणाच्या हातात?

झेंड्यावरचे चक्र आमचे आहे, हे सांगताना आमचा ऊर भरून येतो. आलाच पाहिजे. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या काळापासून आम्ही निळ्या झेंड्याखाली चाललो आणि तिरंग्याच्या मधोमधही तोच निळा आहे. पण मंडलांच्या पांढऱ्या पट्ट्याचा धडा विसरून चालणार नाही. झेंड्यावर काय आहे याइतकाच मोठा प्रश्न झेंडा कोण चढवतो हा आहे.

१५ ऑगस्ट २०२०. तामिळनाडूतील तिरुवल्लूर जिल्ह्यातले आथुपाक्कम गाव. लोकांनी निवडून दिलेली ग्रामपंचायतीची अध्यक्ष दलित महिला. स्वातंत्र्याला ७३ वर्षे झाली होती, तरी झेंडावंदनाची दोरी तिच्या हाती येऊ दिली गेली नाही. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, जिल्हाधिकारी गावात आले, तेव्हा कुठे काही दिवसांनी तिने झेंडा चढवला. दोन वर्षांनी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, त्या राज्याच्या मुख्य सचिवांना सगळ्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहावे लागले की दलित ग्रामपंचायत अध्यक्षांना जातीमुळे कोणी झेंडा फडकवण्यापासून अडवणार नाही याची काळजी घ्या. कायद्याने जो मान आधीच दिलेला आहे तो मिळवायला सरकारी पत्र लागते! ज्या झेंड्यावर समतेच्या धम्माचे चक्र आहे त्या झेंड्याच्या दोरीलाही विटाळ होतो असे मानणारी माणसे या देशात आहेत, आणि झेंड्याला कडक सलाम ठोकण्यात तीच पुढे असतात.

अशा वेळी आम्ही काय करावे? प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक वस्तीच्या वाचनालयात, आमच्या मुलांच्या शाळांत झेंड्याची ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे. सारनाथचे चक्र, २२ जुलै १९४७ चा ठराव, समितीतले बाबासाहेबांचे स्थान हे मुलांना तारखांसह ठाऊक पाहिजे. म्हणजे उद्या कोणी सुदर्शन चक्राची गोष्ट घेऊन आला तर वर्गातले पोरगेच उभे राहून उत्तर देईल. आणि जिथे जिथे आमचा माणूस, आमची बाई सरपंच आहे तिथे १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला वस्तीने एकजुटीने तिच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. कोणी खुर्ची मागे सरकवली, कोणी दोरी दुसऱ्याच्या हाती दिली, तर जागच्या जागी जाब विचारा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा कशासाठी आहे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी हे चक्र पुन्हा फिरवले. ते फिरते ठेवण्याचे काम कापडावर होत नाही, गावात होते. चक्र झेंड्यावर आले आहे. आता दोरी हातात घ्या!

जय भीम!